काळ्या बोनेटवरचे पांढरे डाग: इंदूरमधील एका धुलाई केंद्राचे शुद्ध पाण्याचे प्रकरण

इंदूरच्या केसरबाग रस्त्याच्या बाजूला एका मराठी कुटुंबाचे मोटार धुलाईचे छोटे केंद्र आहे. दोन रॅम्प, एक प्रेशर पंप, फोमची टाकी, मागच्या बाजूला बोरिंग आणि वर पत्र्याची शेड, एवढाच त्याचा पसारा. वडिलांनी निवृत्तीच्या पैशातून ते उभे केले आणि आता मुलगा ते चालवतो. दिवसाला साधारण पंचवीस गाड्या धुतल्या जातात. दसऱ्याच्या आदल्या दिवशी रस्त्यापर्यंत रांग लागते. या केंद्राकडे एकच तक्रार सातत्याने येऊ लागली होती: गाडी धुऊन घरी नेली, की बोनेटवर, टपावर आणि काचांवर पांढरे गोल डाग दिसतात. पांढऱ्या आणि चंदेरी गाड्यांच्या मालकांना ते फारसे जाणवत नसत, परंतु काळ्या आणि गडद निळ्या गाड्यांचे मालक धुलाईनंतर गाडी अधिकच मळकट दिसते, असे तोंडावर सांगू लागले आणि त्यांतील काही जण येईनासे झाले.

मुलाने ठरवलेला उपाय सरळ होता. घरी पिण्याच्या पाण्यासाठी आरओ आहे, त्या पाण्याचा डाग पडत नाही, तेव्हा केंद्रावरही आरओ बसवावा आणि सगळ्या गाड्या त्याच पाण्याने धुवाव्यात. त्याने ताशी ५०० लिटर क्षमतेच्या संयंत्राचे दरपत्रक मागवले. यंत्र, टाक्या आणि जोडणी मिळून रक्कम लाखाच्या पुढे जात होती. त्याच दरपत्रकात खालच्या बाजूला, यंत्रातून जितके शुद्ध पाणी निघेल साधारण तितकेच वाया जाईल, अशी एक ओळ होती. ती वडिलांनी वाचली आणि विषय तिथे अडला. ‘अरे, डाग घालवायला तेवढंच पाणी नाल्यात सोडायचं का?’ हा त्यांचा प्रश्न होता आणि मुलाकडे त्याचे उत्तर नव्हते. माझी नोकरीची वर्षे पाण्याच्या तपासणीत गेली असल्यामुळे आणि लोकमान्यनगरातील आमची ओळख जुनी असल्यामुळे त्यांनी मला बोलावले. पुढे जे घडले ते सविस्तर नोंदवावेसे वाटते, कारण हाच प्रश्न आज माळव्यातील आणि महाराष्ट्रातील असंख्य धुलाई केंद्रांपुढे आहे आणि त्याचे उत्तर बहुधा यंत्र विकणाराच देतो.

डाग कशाचा

केंद्रावर वापरले जाणारे पाणी बोरिंगचे होते. टीडीएस मीटरवर ते ९०० च्या आसपास दिसले, म्हणजे एका लिटर पाण्यात सुमारे ९०० मिलिग्रॅम विरघळलेले क्षार. प्रयोगशाळेत एकूण कठीणपणा, म्हणजे पाण्याला जड करणाऱ्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचे प्रमाण, साधारण ४८० मिलिग्रॅम प्रतिलिटर निघाला. भारतीय मानक आयएस १०५०० (२०१२) पिण्याच्या पाण्यासाठी टीडीएसची स्वीकार्य मर्यादा ५०० आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० मिलिग्रॅम प्रतिलिटर अशी ठेवते. कठीणपणासाठी हेच आकडे २०० आणि ६०० आहेत. म्हणजे कागदोपत्री, या दोन निकषांपुरते, हे पाणी, पर्याय नसल्यास, पिण्यालाही चालू शकणाऱ्या गटात मोडते. मुलाला याचे आश्चर्य वाटले. पाणी खराब असल्याशिवाय डाग पडतीलच कसे, असे तो धरून चालला होता. परंतु पिण्याचे मानक शरीराचा विचार करते, रंगाच्या चकाकीचा नाही. पाणी निर्धोक असूनही गाडीसाठी अत्यंत गैरसोयीचे असू शकते.

माळव्याची जमीन काळ्या कातळाची, म्हणजे दख्खनच्या बेसाल्टची. मातीतून मुरताना पावसाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड मिसळतो आणि ते किंचित आम्लधर्मी पाणी खडकातील कॅल्शियम व मॅग्नेशियम हळूहळू विरघळवत खाली जाते. हे धातू पाण्यात मुख्यतः बायकार्बोनेटच्या रूपात राहतात, आणि त्यांच्यासोबत खडकातील थोडा सिलिकाही येतो. पाणी उडून गेले, की बायकार्बोनेटमधील कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे न विरघळणारा कॅल्शियम कार्बोनेट उरतो. गिझरच्या कॉइलवर बसणारा पांढरा थर आणि बोनेटवरचा डाग हे एकाच पदार्थाचे आहेत. डाग भरीव न दिसता कड्यासारखा दिसतो, त्यालाही कारण आहे: थेंबाची कड पातळ असल्यामुळे तिथले पाणी आधी उडते, ती जागा भरून काढण्यासाठी मधले पाणी कडेकडे सरकते आणि जाताना आपले क्षार तिथे नेऊन टाकते.

एक ढोबळ हिशेब मी मुलाला कागदावर करून दाखवला. धुलाई झाल्यावर गाडीच्या अंगावर अर्धा लिटर पाणी राहते असे धरले, तर बोरिंगच्या पाण्यातून ४५० मिलिग्रॅम क्षार गाडीवर वाळतात. तेच पाणी आरओमधून निघाल्यासारखे ४५ टीडीएसचे असेल, तर साडेबावीस मिलिग्रॅम. म्हणजे डागाचा सगळा मामला त्या शेवटच्या अर्ध्या लिटरचा आहे. त्याआधी गाडीवरून वाहून गेलेले शंभर लिटर पाणी कितीही जड असले, तरी ते वाहून गेलेले असते. या एका गोष्टीवर पुढचा सगळा निर्णय उभा राहिला.

टाकाऊ बोनेटवरची चाचणी

हिशेब पटतो, पण विश्वास डोळ्यांनी पाहिल्यावरच बसतो. शेजारच्या डेंटरकडे अपघातातील गाडीचे एक काळे बोनेट पडून होते. ते आणून स्वच्छ धुतले, कोरडे पुसले आणि औषधाच्या ड्रॉपरने त्यावर निरनिराळ्या पाण्याचे थेंब ओळीने ठेवले. पहिली ओळ बोरिंगच्या पाण्याची. दुसरी नळाला येणाऱ्या नर्मदेच्या पाण्याची, ज्याचा टीडीएस मीटरवर अडीचशेच्या आसपास होता. तिसरी जवळच्या एका इमारतीतून आणलेल्या सॉफ्टनरच्या पाण्याची. चौथी घरच्या आरओच्या पाण्याची. बोनेट दुपारच्या उन्हात ठेवले.

बोरिंगच्या थेंबांच्या जागी जाड, खडबडीत पांढरी कडी उमटली, इतकी की बोटाच्या टोकाला ती जाणवत होती. नर्मदेच्या पाण्याची कडी बारीक, पण स्पष्ट होती. सॉफ्टनरच्या पाण्याने सर्वांना चकवले: डाग बोरिंगच्या पाण्याइतकाच मोठा होता, फक्त तो पसरट आणि पिठूळ होता. आरओच्या थेंबाची जागा बोनेट तिरपे धरून उजेडात पाहिल्यावरच सापडली.

मग प्रत्येक ओळीवरून ओला कपडा फिरवला. सॉफ्टनरचा डाग एका हातात निघाला, नर्मदेचा थोडा उरला, बोरिंगचा जवळजवळ तसाच राहिला. बोरिंगच्या डागांवर पाणी मिसळलेले व्हिनेगर लावले, तेव्हा पांढरा भाग विरघळून गेला, पण काही जागी अगदी पातळ, काचेसारखी रेघ शिल्लक राहिली. व्हिनेगरमधील आम्लामुळे कार्बोनेट विरघळतो, सिलिका विरघळत नाही. ती रेघ त्याचीच असावी, असा माझा अंदाज आहे, कारण बेसाल्टमधल्या पाण्यात सिलिका असतोच. काही डाग आम्ही मुद्दाम आठवडाभर उन्हात राहू दिले. त्यानंतर ते आम्लाने काढले तरी त्यांची छाया रंगावर उरली आणि ती घालवायला पॉलिशच करावे लागले. उन्हात उभ्या असलेल्या गडद बोनेटचा पत्रा हाताला चटका बसेल इतका तापतो आणि त्या उष्णतेत क्षारांचा थर वरच्या पारदर्शक रंगाला इजा करतो. ग्राहक आठ-आठ दिवस डाग तसेच ठेवतात आणि नंतर दोष रंगाला देतात, ही बाब या चाचणीतून केंद्रातील सर्वांच्या लक्षात आली.

आधी सावली

चाचणीनंतर मी सुचवलेली पहिली गोष्ट यंत्राची नव्हती. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशीच्या वर जातो आणि केंद्राच्या शेडचे तोंड पश्चिमेला होते. दुपारी तीननंतर दुसऱ्या रॅम्पवर सरळ ऊन येत असे. पुसणारा मुलगा बोनेटपासून सुरुवात करून डिक्कीपर्यंत पोहोचेतो टपावरचे पाणी वाळून गेलेले असे, मग त्याने कितीही घासले तरी तो वाळलेला डागच पसरवत असे. शेडच्या पश्चिमेकडे पत्रे पुढे वाढवले, बाजूला हिरवी जाळी बांधली, आणि गाडी उन्हातून आल्यावर बोनेट हाताला गार लागेपर्यंत पाणी मारायचे नाही असा नियम केला. पुसण्याचा क्रमही बदलला: आधी टप, मग काचा, मग बोनेट, सर्वांत शेवटी दारे, कारण पाणी वरून खाली निथळते. जाड मायक्रोफायबरचे दोन वेगळे कपडे ठेवले, एक पाणी शोषायला आणि दुसरा कोरडे करायला.

एवढ्याने तक्रारी बऱ्याच कमी झाल्या. ज्या केंद्राची ऐपत याहून अधिक खर्चाची नाही, त्याने इथेच थांबावे आणि समाधान मानावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही काळ्या गाड्यांचा प्रश्न उरला, कारण आरशांच्या खोबणीतून, दारांच्या मुठीमागून आणि नंबरप्लेटखालून गाडी निघून गेल्यावरही पाणी गळत राहते आणि त्या ओघळाचा डाग पुसायला तिथे कोणी नसते.

कोणते शुद्ध पाणी

शुद्ध पाण्याचे तीन मार्ग बाजारात मिळतात आणि ग्राहकाला ते एकच वाटतात, म्हणून त्यांतील फरक इथे सविस्तर सांगतो.

सॉफ्टनरमध्ये राळेचे बारीक मणी असतात. ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि त्यांच्या बदल्यात पाण्यात सोडियम सोडतात. एकूण क्षार त्यामुळे कमी होत नाहीत, फक्त त्यांची जात बदलते. बोनेटवरच्या तिसऱ्या ओळीत नेमके हेच दिसले होते. सोडियमचे क्षार पाण्यात सहज विरघळत असल्यामुळे डाग ओल्या कपड्याने निघतो, हा खरा लाभ आहे आणि ज्या केंद्रावर प्रत्येक गाडी नीट पुसली जाते तिथे सॉफ्टनर कमी खर्चात काम भागवतो. पण राळ पुन्हा ताजी करायला मिठाचे पाणी लागते आणि ते खारे पाणी नंतर गटारात किंवा जमिनीत जाते. आमच्या काळ्या चिकण मातीला सोडियम मानवत नाही, ती अधिकच घट्ट होते आणि पाणी मुरू देत नाही. केंद्रामागे उघडी जमीन आणि त्यात बोरिंग असल्यामुळे मी हा मार्ग नाकारला.

दुसरा मार्ग डीआयोनायझरचा, ज्याला आपल्याकडे डीएम प्लांट म्हणतात. त्यात आम्लधर्मी आणि अल्कधर्मी अशा दोन प्रकारची राळ मिसळलेली असते आणि पाण्यातील जवळजवळ सर्व क्षार निघून टीडीएस शून्याजवळ येतो. अशा पाण्याने धुतलेली गाडी न पुसता वाळू दिली तरी डाग उमटत नाही. अडचण राळेच्या क्षमतेची आहे. एक लिटर मिश्र राळ साधारण अर्धे तुल्यभार (क्षार मोजण्याचे रासायनिक एकक) क्षार धरते. आपले बोरिंगचे पाणी तिच्यातून सोडले, तर पंचवीस-तीस लिटर पाण्यातच ती संपते. आरओमधून निघालेले ४५ टीडीएसचे पाणी मात्र त्याच एका लिटर राळेतून पाचशे लिटरच्या आसपास जाऊ शकते. म्हणजे जड पाण्याला डीएम एकटे कधीच लावू नये, लावायचेच असेल तर आरओनंतर लावावे.

तिसरा मार्ग आरओ. पंपाच्या दाबाने पाणी मेम्ब्रेनमधून, म्हणजे अतिसूक्ष्म पडद्यातून, ढकलले जाते, पाण्याचे रेणू पलीकडे जातात आणि नव्वद टक्क्यांहून अधिक क्षार अलीकडे राहतात. सिलिकाही बहुतांशी अडतो, आणि आमच्या भागात ही गोष्ट महत्त्वाची आहे. पण जे अलीकडे राहते ते कुठेतरी गेलेच पाहिजे. ९०० टीडीएसच्या पाण्यातून निम्मे शुद्ध पाणी काढले आणि ते ४५ टीडीएसचे आले, तर उरलेल्या निम्म्याचा टीडीएस साधे गणितच १७५५ दाखवते. यंत्र लावणाऱ्या तंत्रज्ञाने वाया जाणारे पाणी कमी करण्यासाठी बाहेर जाणारा वाल्व्ह आवळून देण्याची तयारी दाखवली होती. ते मी करू दिले नाही. इतक्या कठीण पाण्यात वाल्व्ह आवळला, की मेम्ब्रेनच्या पृष्ठभागावर कॅल्शियम कार्बोनेट बसू लागतो, पाणी मंदावते आणि काही महिन्यांत मेम्ब्रेन बदलायची पाळी येते. थर बसू नये म्हणून ॲन्टिस्केलंट नावाचे रसायन थेंबाथेंबाने द्यावे लागते, तरीही त्याला मर्यादा आहेच.

पाण्याचा हिशेब

आता मुलाचा मूळ बेत आकड्यांत मांडू. केंद्रावर एका गाडीला सुमारे ११० लिटर पाणी लागत होते: चाके, चिखल आणि गाडीच्या खालच्या बाजूला साधारण ४०, फोम उतरवायला ५५ ते ६०, आणि शेवटच्या फेरीला १० ते १२. सगळी गाडी आरओच्या पाण्याने धुवायची, तर पंचवीस गाड्यांना पावणेतीन हजार लिटर शुद्ध पाणी हवे आणि तितकेच पाणी नाल्यात जाणार. बोरिंगमधून रोज साडेपाच हजार लिटर उपसावे लागणार, म्हणजे आजच्या दुप्पट. उन्हाळ्यात ते बोरिंग दुपारनंतर दम टाकते, हे सर्वांना माहीत होते.

फक्त शेवटची फेरी शुद्ध पाण्याची केली, तर रोज ३०० लिटर पुरतात. वाया जाणारे पाणीही ३०० लिटरच निघते, आणि पहिल्या चिखलाच्या धुण्याला एकूण १००० लिटर लागत असल्यामुळे ते सगळे तिथे खपते. बोरिंगचा उपसा एका लिटरनेही वाढत नाही. यंत्राची गरज ताशी ५०० लिटरवरून ताशी १०० लिटरवर येते. ते सकाळी सुरू केले, की दुपारपर्यंत टाकी भरते. खर्च मूळ दरपत्रकाच्या निम्म्याहून कमी झाला.

हा कागद वडिलांनी दोनदा वाचला आणि मग मुलाकडे दिला. मुलाची एक अडचण उरली होती आणि ती मला खरी वाटली. जवळच्या दुसऱ्या एका केंद्राने ‘संपूर्ण आरओ वॉश’ अशी पाटी लावली होती आणि ग्राहक तिकडे आकर्षित होत होते. वडिलांचे म्हणणे असे, की जे करत नाही ते पाटीवर लिहायचे नाही. अखेर ‘शेवटची फेरी शुद्ध पाण्याची’ अशी पाटी लागली आणि तिच्याखाली त्या दिवसाचा टीडीएस खडूने लिहिण्यासाठी छोटा फळा टांगला. ग्राहक आता तो आकडा वाचून प्रश्न विचारतात, आणि पुसणारी मुले त्यांना नीट उत्तर देतात.

नर्मदेचे पाणी का नाही

मधल्या काळात एक सोपा मार्ग सुचवला गेला: बोरिंगऐवजी नळाचे पाणी वापरावे, म्हणजे आरओवरचा भार एकदम कमी होईल. तांत्रिकदृष्ट्या हे बरोबर आहे, परंतु मी त्याला ठामपणे विरोध केला. इंदूरला नर्मदेचे पाणी सुमारे ७० किलोमीटरवरच्या जलूदहून पंपांनी घाट चढवून आणले जाते. या शहराच्या पाण्यात विजेचा खर्च मोठा आहे आणि तरीही अनेक वस्त्यांना ते एक दिवसाआड मिळते. शुद्ध करून, इतक्या उंचीवर चढवून आणलेले पिण्याचे पाणी चाकांवरचा चिखल काढायला वापरणे मला मान्य होण्यासारखे नाही. कायद्याचा रोखही तिकडेच आहे. केंद्रीय भूजल प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२० मध्ये भूजलातून मिळणाऱ्या पिण्यायोग्य पाण्याची नासाडी आणि गैरवापर यांविरुद्ध आदेश काढला, आणि मार्च २०२४ मध्ये बंगळुरूने पाणीटंचाईत पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर बंदी घालून ५००० रुपये दंड ठेवला. इंदूरच्या केंद्रांनी तशी वेळ येण्याची वाट पाहू नये.

महापालिकेच्या कबीटखेडी येथील केंद्रातून मिळणाऱ्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याचाही विचार झाला. २०२१ मध्ये इंदूरला देशातील पहिले ‘वॉटर प्लस’ शहर म्हणून मान मिळाला, तो मुख्यतः याच कामामुळे, आणि बागांना व बांधकामाला हे पाणी देणे योग्यच आहे. प्रेशर गनने मारलेल्या पाण्याचा मात्र बारीक तुषार होतो आणि तो धुणाऱ्याच्या नाकातोंडात जातो. ते पाणी पुरेसे निर्जंतुक आहे याची रोज खात्री करण्याची सोय एवढ्या छोट्या केंद्रावर नाही. दिवसभर त्या तुषारात उभ्या असणाऱ्या मुलांच्या जिवाशी खेळ नको, म्हणून तो विचार तिथेच सोडला.

शेवटची फेरी

यंत्र बसवल्यावर पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट लक्षात आली. शुद्ध पाणी असूनही आरशांखाली ओघळ उमटत होते. कारण साधे होते: खोबणीत आधीचे बोरिंगचे पाणी अडकून राहत होते आणि शुद्ध पाणी फक्त वरून जात होते. तेव्हापासून शेवटच्या फेरीचा क्रम असा ठरला. फोम उतरवल्यावर आधी हवेच्या ब्लोअरने आरसे, मुठी, पेट्रोलच्या टाकीचे झाकण, दिव्यांच्या कडा आणि नंबरप्लेट यांतील पाणी उडवायचे. मग शुद्ध पाणी प्रेशर गनने न मारता साध्या पाइपने, तोंड बोटाने न दाबता, टपाच्या मध्यापासून सोडायचे, म्हणजे ते चादरीसारखे सरकत खाली येते आणि आधीचे जड पाणी स्वतःसोबत घेऊन जाते. गनने मारले, तर पाणी उडून बाजूला पडते आणि जड पाण्याचे थेंब जिथल्या तिथे राहतात. आरशाच्या खोबणीत एक वेगळी धार द्यायची आणि मग पुसायचे. पुसायचे तरीही, कारण ४५ टीडीएस म्हणजे शून्य नाही.

काही ग्राहकांनी शंका काढली, की शुद्ध पाणी लोखंड खाते, त्यामुळे गाडीला गंज चढेल. तिचे उत्तर देणे आवश्यक आहे. क्षार काढलेले पाणी धातूच्या पाइपाला हळूहळू खाते हे खरे आहे, कारण आरओत बायकार्बोनेट अडतो आणि कार्बन डायऑक्साइड पलीकडे जातो, त्यामुळे पाणी किंचित आम्लधर्मी होते. म्हणून आम्ही टाकीपासून पाइपापर्यंतची सगळी जोडणी प्लास्टिकची ठेवली, जुना जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप वापरला नाही. परंतु गाडीवर हे पाणी काही मिनिटेच असते, आणि गंजाची क्रिया क्षारयुक्त पाण्यात अधिक वेगाने होते. त्यामुळे जुन्या पाण्यापेक्षा नवे पाणी गाडीच्या पत्र्याला निश्चितच सौम्य आहे. उलट बाजूची एक सूचनाही टाकीवर ठळक लिहून ठेवली आहे: हे पाणी बॅटरीत किंवा रेडिएटरमध्ये घालू नये. बॅटरीला डिस्टिल्ड किंवा डीएम पाणीच लागते. आरओचे पाणी त्या कामाला पुरेसे शुद्ध नसते.

वाया जाणारे १७५५ टीडीएसचे पाणी वेगळ्या निळ्या टाकीत जाते आणि ते फक्त चाकांना, मडगार्डच्या आतल्या भागाला आणि फरशीला वापरले जाते. त्यानंतर त्याच जागांवर साधे बोरिंगचे पाणी मारले जातेच, त्यामुळे दाट क्षार तिथे वाळत नाहीत. काचेला किंवा रंगाला ते लावायचे नाही. धुलाईचे सगळे पाणी आधीपासूनच तीन कप्प्यांच्या हौदातून जाते, तिथे वाळू खाली बसते आणि तेल वर तरंगते. त्या हौदाची सफाई पूर्वी आठवण झाली की होत असे, आता तिचा वार ठरला आहे. शहराच्या नाल्यांतून हेच पाणी शेवटी कान्ह नदीकडे जाते, हे विसरून चालणार नाही.

पावसाचे पाणी

एक काम अजून व्हायचे आहे आणि मला ते या सगळ्या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचे वाटते. इंदूरला वर्षाला साधारण ९०० ते १००० मिलिमीटर पाऊस पडतो. वाढवलेल्या पत्र्यांसह केंद्राच्या शेडचे छत सुमारे १५० चौरस मीटर आहे. गळती आणि पहिल्या पावसाचे घाण पाणी वजा करून ऐंशी टक्के हाती लागले असे धरले, तर वर्षाला एक लाख लिटरच्या वर पाणी या एका छपरावरून वाहून जाते. ते कोणत्याही मेम्ब्रेनमधून न जाताच मऊ असते. गेल्या पावसाळ्यात मुलाने बादलीत धरलेल्या पाण्याचा टीडीएस पाहिला, तो आरओच्या पाण्यापेक्षा कमी निघाला. शेवटच्या फेरीला रोज ३०० लिटर लागतात, तेव्हा पाच हजार लिटरची एक टाकी भरली की दोन आठवड्यांहून अधिक काळ आरओ बंद ठेवता येईल, आणि पावसाळ्यात टाकी पुन्हा पुन्हा भरत राहील. चिखलामुळे याच दिवसांत गाड्या अधिक येतात, म्हणजे पाणी आणि गरज एकाच वेळी जुळतात.

अडचण साठवणीची आहे, आणि पत्र्यावरील धूळ व पक्ष्यांची घाण यांचीही. त्यासाठी पन्हळीच्या तोंडाशी पहिल्या पावसाचे पाणी बाजूला काढणारा वाल्व्ह, त्यानंतर रेतीचा एक गाळणी-थर आणि शेवाळ धरू नये म्हणून काळी, बंद झाकणाची टाकी, असा आराखडा करून दिला आहे. टाकीची जागा शेडच्या उत्तरेकडच्या भिंतीलगत, जिथे ऊन येत नाही, अशी ठरली आहे. टाकीचा ओटा बांधून झाला आहे. मृग नक्षत्र लागण्याआधी पन्हळी बदलायच्या आणि जास्तीचे पाणी बोरिंगशेजारच्या शोषखड्ड्यात सोडणारा पाइप जोडायचा, एवढे बाकी आहे.